अंगणातल्या जुन्या झाडांची राखण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमच्या अंगणात सासूबाईंनी लावलेला एक पेरू होता आणि एक गावरान आंबा आहे. पेरूच्या बेचक्यात तपकिरी जाळी दिसू लागली. मी रोज अंगण झाडत होते, ती जाळी मला दिसतही होती. वाळवी असेल, पावसात धुऊन जाईल, म्हणून सोडून दिले. दोन वर्षांत एकेक फांदी वाळत झाड गेले. सासूबाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. मात्र दुपारी गहू निवडायला त्या त्याच जागी बसत, आणि तिथे आता सावली नव्हती.

पुढच्या वर्षी तीच जाळी आंब्यावर आली. आंबे उतरवायला येणाऱ्या गड्याने खोड पाहिले व म्हणाला, "बाई, हे वाळवी नाही. साल खाणारी अळी हाये. आता काढा, नाही तर हेही जाते."

त्याचे म्हणणे खरे होते. वाळवीचे घर मातीचे असते. या अळीचे जाळे रेशमी धाग्याचे असून त्यात तिची विष्ठा व लाकडाचा भुसा मिसळलेला असतो. मे-जून महिन्यांत हिचा पतंग सालीच्या भेगांत अंडी घालतो. अळी बेचक्यात भोक पाडून दिवसा आत दडते व रात्री जाळ्याखालून साल खाते. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे सालीतूनच जाते. साल गेली की झाड उपाशी पडते. आंबा, पेरू, संत्रा, आवळा, जांभूळ, शेवगा, कशालाच ती सोडत नाही. पण वर्षाला तिची एकच पिढी होते, हे आपले भाग्य. आज एक अळी मारली, की पुढच्या उन्हाळ्यातली अंडी टळली.

उपाय घरचाच आहे. दिवाळीच्या साफसफाईत झाडेही धरावी. जाळी खराट्याने खरवडून काढावी. भोक सापडले की लवचीक तार आत घालून अळी मारावी. मग पेट्रोलात किंवा रॉकेलात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून तोंड ओल्या चिखलाने लिंपावे. विस्तव व मुले जवळ नसावीत. आठ-दहा दिवसांनी पाहावे. ताजा भुसा दिसला तर पुन्हा करावे.

आंब्याचा दुसरा वैरी भिरूड. हा मोठा, लांब मिशांचा भुंगा. याची अळी थेट खोडात शिरते. खोडातून भुसा गळू लागला, की तोही उपाय असाच, पण उशीर करू नये.

तरीही औषधापेक्षा झाडाची ताकद मोठी. किडीला थकलेले झाड आधी सापडते. मध्य युरोपात 2018 च्या अवर्षणानंतर स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी वृक्षांची जंगलेच्या जंगले सालीतल्या भुंग्यांनी वाळवली. निरोगी स्प्रूस राळ सोडून भुंग्याला बाहेर लोटतो. तहानलेल्याला ते जमत नाही. आपल्या अंगणात तर झाड आपणच थकवतो. बुंध्यापर्यंत फरशी बसवतो, वाळवणाच्या तारेसाठी खिळे ठोकतो, बुडाशी कचरा जाळतो. बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा. वैशाखात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या, तेही खोडाशी नव्हे, फांद्यांच्या घेराखाली. फांदी छाटली तर जखमेवर बोर्डो मलम लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात मात्र भिजवू नये.

आणि झाड तोडायची घाई नको. नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी परवानगी लागते. परवानगी मागण्याआधी एकदा खोडाभोवती फिरून पाहावे.

आमचा आंबा वाचला. यंदा सासूबाईंनी आपला पाट त्याच्याखाली हलवला, तेव्हा मला बरे वाटले. भगिनींनो, झाडाजवळून रोज जाणारी आपल्याइतकी दुसरी कोणी नसते. म्हणून पाहण्याचे कामही आपलेच. उद्या सकाळी अंगण झाडताना खराटा क्षणभर थांबवा आणि मान वर करा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.