पहिलं काम सोडताना

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं आम्हाला सांगितलं की, तरुण पोरांसमोर कामधंद्यावर चार शब्द बोला. आम्ही काही विद्वान नव्हे. सातवीपर्यंत शाळा झाली. पुढचं शिक्षण मागाच्या खडखडाटात आणि ह्याच विहाराच्या वाचनालयात झालं. सात वर्षं यंत्रमागावर आणि त्यानंतरची तीस वर्षं सूतगिरणीत रिंगफ्रेमवर गेली. त्यामुळं जे बोलू ते थोडं वाचलेलं आणि बरंचसं अंगावरून गेलेलं असेल.

आम्ही विषय घेतला आहे पहिलं काम सोडण्याचा. हाच विषय का? आपल्या गल्लीत सध्या दोन प्रकार दिसतात. एक पोरगं एका ठिकाणी चार-पाच वर्षं काम करतं. एक दिवस मालकाशी वाजतं, रागाच्या भरात डबा उचलून घरी येतं आणि परत जात नाही. मागं राहिलेला पगार, बोनस, फंड सगळं सोडून देतं. दुसरं पोरगं जाच सोसत तिथंच राहतं. विचारलं तर म्हणतं, "काका, पहिल्यांदा भाकरी ह्यांनीच दिली, सोडू कसं?" एक कामाचा हिशोब सोडून देतो, दुसरा स्वतःलाच तिथं सोडून देतो. नुकसान दोघांचंही होतं.

बंधू-भगिनींनो, काम सोडता येणं ही साधी गोष्ट नाही. आपल्या आज्या-पणज्यांना ती येत नव्हती. महार वतन म्हणजे काय होतं? रात्री-अपरात्री सांगावा आला की निघायचं, सारा वसुलीला फिरायचं, मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी कागद गावोगाव पोचवायचे. बदल्यात थोडी जमीन आणि घरोघर मागून आणलेलं बलुतं. घरचा कर्ता परगावी असला तर त्याच्या बापानं जायचं, भावानं जायचं. त्या कामाला राजीनामा नव्हता. जन्माबरोबर लागायचं आणि मेल्यावर पोराच्या गळ्यात पडायचं.

म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या करवीर संस्थानात महार वतन बंद केलं, ही गोष्ट फार मोठी आहे. ब्रिटिश मुलखात बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. पण तो प्रश्न कायद्यानं सुटायला १९५८ साल उजाडलं. तोवर संविधानाच्या कलम २३ नं वेठबिगारी आणि सक्तीचं काम गुन्हा ठरवलं होतं. 'हे काम मला नको' असं म्हणण्याचा हक्क आपल्या घरात आला, त्याला दोन-तीन पिढ्यासुद्धा झालेल्या नाहीत.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळ्यांची गोष्ट आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे. तरुणांनीही ती ऐकावी. गंगाराम महाराजांच्या चाकरीत होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मरेस्तोवर मारलं. महाराज तेव्हा संस्थानाबाहेर होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामांना चाकरीतून मोकळं करून स्वतंत्र धंदा काढायला सांगितलं. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल टाकलं. महाराचा चहा कोण पिणार? तर स्वतः महाराज गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. ह्यात आम्हाला दोन गोष्टी दिसतात. मार खाल्लेल्या जागी माणसानं जन्म काढू नये, ही एक. आणि नोकरी सोडणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी उभं राहिलं पाहिजे, ही दुसरी. आज महाराज नाहीत. मग पाठीशी आपणच उभं राहायला हवं.

आता आमचं सांगतो. आमच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, पण आमच्या घरात मागाचं काम आलं ते आम्ही १९८८ साली एका कारखान्यात लागलो तेव्हा. वय एकोणीस. पाळी बारा तासांची. मजुरी मीटरवर, पीक मोजून. वीज गेली की मजुरी गेली. आमच्या आई कांड्या भरायला यायच्या. आठवड्याच्या बाजाराला हातात पैसे यायचे, त्यावर घर चालायचं. त्या कामानं आम्हाला उभं केलं, हे आम्ही नाकारत नाही. तुटलेला धागा झटक्यात सांधायला तिथंच शिकलो, मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखायला तिथंच शिकलो.

पण सात वर्षं गेली आणि आमच्या लक्षात आलं की, आम्ही कागदावर कुठंच नाही. कारखाना एका छपराखाली होता, पण कागदावर तो तीन नावांनी होता. त्यामुळं कामगारांची संख्या कायद्याच्या रेघेखाली राहायची. फंड नाही, हजेरीकार्ड नाही, पगाराची चिठ्ठी नाही. १९९५ साली सूतगिरणीत बदली कामगार घेत आहेत असं कळलं. बदली म्हणजे रोज दारात उभं राहायचं, कोणाचा खाडा पडला तरच आत काम. सुरुवातीला पैसे मागापेक्षा कमीच मिळणार होते. घरात चर्चा झाली. आई म्हणाल्या, "आज चार पैसं कमी मिळाल्यालं चालंल, पर तुझं नाव वहीत लागू दे."

अडचण होती ती उचलीची. लग्नात घेतलेल्या उचलीपैकी अकराशे रुपये फिटायचे होते. मालक म्हणाले, उचल फिटल्याशिवाय जाता येणार नाही. आम्ही पाच महिने जादा पाळ्या करून ती फेडली, तेही दोन साक्षीदारांसमोर. मग सात वर्षं काम केल्याचा दाखला मागितला. त्यावर उत्तर मिळालं, "कागद कशाला? तू तर घरातलाच माणूस हायस." घरातल्या माणसाला कागद मिळाला नाही. सूतगिरणीत आम्ही नवशिके म्हणून लागलो. आमची सात वर्षं आजही कुठल्याच दप्तरात नाहीत. आहेत ती फक्त आमच्या वहीत. खाडे, मीटर, मजुरी, उचल, सगळं आम्ही रोजच्या रोज लिहून ठेवलं होतं.

ही उचल म्हणजे नव्या काळातलं वतनच. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात औद्योगिक कलहाचं बिल आलं. संप करणाऱ्याला तुरुंगात घालण्याची त्यात सोय होती. बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा असा होता की, मनाविरुद्ध काम करायला माणसाला शिक्षेच्या धाकानं भाग पाडणं म्हणजेच गुलामगिरी. त्या बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत कामगारांचा संप झाला. तुरुंगाच्या जागी उचल ठेवा, अर्थ तोच राहतो. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानंही हेच सांगितलं आहे. उचलीच्या बदल्यात दुसरीकडं कामाला जायचं स्वातंत्र्य काढून घेणं ही वेठबिगारी आहे. म्हणून लग्नकार्यासाठी मालकाकडून उचल घेण्याआधी दहा वेळा विचार करा.

आता प्रश्न येतो, काम सोडावं कधी? भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्यं सांगितली आहेत. ताकद बघून काम द्यावं, पोटाला आणि वेतन नीट द्यावं, आजारपणात सांभाळावं, चांगलंचुंगलं वाटून द्यावं, वेळोवेळी सुट्टी द्यावी. आपल्या मालकाला ह्या पाच मापांनी मोजा. त्याच सुत्तात कामगाराचीही कर्तव्यं आहेत. दिलं तेवढंच घ्यावं, काम नीट करावं, मालकाची कीर्ती सांभाळावी. तेव्हा जाताना बॉबिन खिशात घालू नका, चालू मागावर धागा तोडून जाऊ नका, चौकात उभं राहून मालकाचा उद्धार करू नका. आपली बाजू स्वच्छ असली की हक्क मागताना आवाज कापत नाही.

आणि सोडताना हिशोब घ्यायचा. हा भाग नीट ऐका.

पहिलं, राजीनामा लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. 'उद्यापासून येत नाही' असं तोंडी सांगितलं की पुढं 'न सांगता गैरहजर' असा शेरा पडतो.

दुसरं, ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्यानं हा हक्क मिळाला. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सलग पाच वर्षं झाली की, स्वतः राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला तर आता एका वर्षानंतरही ती मिळते. हिशोब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये धरा. त्याला २६ नं भागलं की दिवसाचे ५०० झाले. वर्षाला १५ दिवस, म्हणजे ७,५००. सात वर्षांचे ५२,५०० रुपये. सात वर्षांवर सहा महिन्यांहून जास्त दिवस भरले असतील तर आठ वर्षं धरतात. रागाच्या भरात डबा उचलून येणारं पोरगं एवढे पैसे तिथं टाकून येतं.

तिसरं, प्रॉव्हिडंट फंड. २०१४ पासून प्रत्येक खातेदाराला एकच यूएएन नंबर मिळतो. नोकरी बदलली तरी नंबर तोच ठेवा आणि जुना फंड नव्या खात्यात वळवून घ्या. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. इथली सहा आणि तिथली पाच वर्षं जोडली गेली तर अकरा होतात. मधेच पेन्शनचा वाटा काढून खाल्ला तर ती सहा वर्षं पुसली जातात. पोरांनो, मोबाईल घ्यायला फंड मोडू नका.

चौथं, पैसे हातात पडल्याशिवाय 'संपूर्ण हिशोब मिळाला' अशा कागदावर सही करू नका. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. राजीनामा दिल्यावर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यावा, असं २०१९ च्या वेतन संहितेत लिहिलं आहे. अनुभवाचा दाखला आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

भगिनींना एक वेगळं सांगायचं आहे. आपल्या कित्येक मुली पहिलं काम सोडतात ते बाळंतपणासाठी. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल, तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ही दुरुस्ती २०१७ ची आहे. त्या काळात कामावरून काढताही येत नाही. सासरच्यांनी आणि नवऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं.

शेवटचा मुद्दा. सोडायचं ते कशासाठी? बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. तिथं राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत अपमान झाला. ती नोकरी लोकांनी त्यांना सोडायला लावली. पुढं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते १९१८ साली प्राध्यापक झाले. चांगला पगार होता, तरी ते परळच्या चाळीत काटकसरीनं राहिले, पैसा साठवला आणि मार्च १९२० मध्ये ती नोकरी स्वतः सोडली. त्याच महिन्यात आपल्या जवळच्या माणगावला २१ आणि २२ तारखेला परिषद झाली. त्यानंतर साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज एवढ्या शिदोरीवर ते लंडनला अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. बडोद्याहून ते निघाले तेव्हा मागं अपमान होता. सिडनहॅममधून निघाले तेव्हा पुढं अभ्यास होता. आपल्यालाही बडोद्यासारखी वेळ येऊ शकते, तेव्हा मान खाली घालायचं कारण नाही. पण जमेल तिथं सिडनहॅमसारखं निघावं. पुढचं ठिकाण बघून, दोन-तीन महिन्यांचं धान्य आणि भाडं बाजूला ठेवून.

आणि घरच्यांनो, पोरगं काम सोडायचं म्हणालं की लगेच 'आळशी झाला' म्हणू नका. आधी विचारा, हिशोब घेतलास का? पुढं कुठं चाललास?

समितीच्या परवानगीनं एक सांगतो आणि थांबतो. दर रविवारी संध्याकाळी वंदनेनंतर आम्ही विहारात बसून असतो. ज्याला काम सोडायचं आहे किंवा ज्यानं सोडून दिलं आहे, त्यानं आपले कागद घेऊन यावं. कागद नसतील तर वही घेऊन यावं. वही नसेल तर आजपासून एक दोनशे पानी वही घालावी आणि तारीख, पाळी, पगार, खाडा रोज लिहावा. राजीनामा कसा लिहायचा, ग्रॅच्युइटीचा अर्ज कसा भरायचा, हे आम्ही बसून दाखवू. आमची सात वर्षं कोणाच्या दप्तरात नाहीत. तुमच्यातल्या एकाचंही वर्ष असं जाता कामा नये.