हिरवळीखालचे काम

धुळे जिल्ह्यातील नरडाण्याहून शेकडो मैल दूर असलेल्या कोल्हापुरात, जेथे कुस्तीच्या तालमींतूनच पाटाकडील, खंडोबा, दिलबहार असे फुटबॉलचे संघ उदयास आले आणि जेथे पेठापेठांतील ईर्ष्या शाहू स्टेडियमवर उसळते, तेथे क्रीडांगण ही केवळ एका संस्थेची नव्हे, तर अवघ्या नगराची मिळकत मानली जाते. अशा जुन्या क्रीडांगणाचा जीर्णोद्धार करताना दर्शनी कमानीवर तरतूद उधळण्याची आपली खोड मला अनाकलनीय वाटते. कारण सुमारे 105 मीटर लांब व 68 मीटर रुंद हिरवळीखाली वाळू-खडीचे थर आणि सच्छिद्र नळ घालून पर्जन्यजलाचा निचरा साधणे, हेच आद्य कर्तव्य होय. प्रकाशझोत, महिला खेळाडूंच्या खोल्या, प्रभातफेरीची वाट त्यानंतर. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीलगत असे मैदान नव्याने हवे असेल, तर ग्रामसभेने जागेची मोजणी व दप्तरी नोंद आधी करून घ्यावी.