पँथर ज्या मातीतून उठला ती काउंटी
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



पँथर कुठला असं विचारलं की आपल्या पोरांचं उत्तर तयार असतं. ऑकलंड, कॅलिफोर्निया, १९६६, ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील. तिथून १९७२ साली मुंबई. ठीक आहे. पण ऑकलंडच्या पोरांनी तो पँथर उचलला कुठून? तो उचलला अलाबामा राज्यातल्या एका खेडवळ काउंटीतून. तिचं नाव लाऊंड्स. तिथं मोठं शहर नव्हतं. कापूस, चिखल, जमीनदारांच्या हवेल्या आणि एक कोर्ट. आज मी तिच्याबद्दल बोलणार आहे, आणि ती मुळात बनली कशी तिथपासून बोलणार आहे. बनवणाऱ्यांनी ती कशासाठी बनवली हे कळल्याशिवाय पँथर तिथंच का गुरगुरला ते कळत नाही.

आधी काउंटी म्हणजे काय ते बघू. राज्याच्या खालचा तुकडा. आकारानं आपल्या मोठ्या तालुक्याएवढी धरा. लाऊंड्स सुमारे सातशे चौरस मैलांची आहे. पण आपला कलेक्टर वरून येतो आणि बदली झाली की जातो. तिथं शेरीफ म्हणजे पोलिसांचा मुख्य, तो तिथल्याच लोकांनी निवडलेला. कर ठरवणारा निवडलेला, कर वसूल करणारा निवडलेला, मेलेल्या माणसाच्या मरणाची चौकशी करणारा कॉरोनर निवडलेला, शाळा मंडळ निवडलेलं. ज्यूरीत बसणारे तिथलेच. म्हणजे दंडुका, जमिनीचा कर, शाळा आणि न्याय, सगळं एका मुठीत. प्रश्न एवढाच, की मूठ कुणाची?

तर ही जमीन होती क्रीक लोकांची. आपण ज्यांना रेड इंडियन म्हणतो त्यांतली एक मोठी जमात. अलाबामा नदीच्या काठी त्यांचं एक गाव होतं, त्याचं नाव गोऱ्यांच्या भाषेत ‘पवित्र भूमी’. क्रीकांच्या संतांनी सांगितलेलं, की इथं गोऱ्याचं पाऊल पडणार नाही. २३ डिसेंबर १८१३ ला जनरल क्लेबोर्नची फौज तिथं घुसली आणि गाव जाळलं. क्रीकांचा पुढारी विल्यम वेदरफोर्ड घोड्यासकट कड्यावरून नदीत उडी घेऊन निसटला, अशी कथा आजही सांगतात. पुढं मार्च १८१४ मध्ये अँड्र्यू जॅक्सननं हॉर्सशू बेंडच्या लढाईत क्रीकांचं कंबरडं मोडलं, आणि ऑगस्टमध्ये फोर्ट जॅक्सनचा तह लादला. दोन कोटी एकरांहून जास्त जमीन एका कागदावर गेली.

आता इथं थांबा आणि नीट ऐका. क्रीकांत दोन तट होते. एक गोऱ्यांशी लढला, दुसरा जॅक्सनच्या बाजूनं लढला. तहात जमीन कुणाची गेली? दोघांचीही. ज्यांनी साहेबाच्या खांद्याला खांदा लावून आपल्याच भावांवर बंदूक चालवली, त्यांनाही सही करायला लावली. मालकाची चाकरी करून आपला तुकडा वाचेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा तह घरात टांगून ठेवावा.

मग सरकारनं ती जमीन मोजली, चौकोन पाडले आणि लिलावात विकली. जॉर्जियातून, कॅरोलिनातून, व्हर्जिनियातून गोरे लोंढ्यानं आले. त्याला तेव्हा ‘अलाबामाचा ताप’च म्हणायचे. कशाचा ताप? मातीचा. लाऊंड्स ज्या पट्ट्यात आहे त्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात, काळा पट्टा. आधी हे नाव काळ्या चिकट मातीवरून पडलं. पुढं त्या मातीत राबायला आणलेल्या माणसांवरूनही तेच नाव चाललं. १७९३ साली एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र काढलेलं होतं, विलायतेतल्या गिरण्या कापसासाठी वखवखलेल्या होत्या. जमीन क्रीकांची मिळाली. हात पाहिजे होते. आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून कायद्यानं बंदी होती, म्हणून जुन्या राज्यांतले गुलाम विकत घेऊन, साखळीला बांधून, शेकडो मैल पायी चालवत इथं आणले. आई एका मळ्यावर, पोर दुसऱ्या. ही त्या काउंटीची वस्ती.

१८१९ साली अलाबामा राज्य झालं. २० जानेवारी १८३० ला विधिमंडळानं मॉन्टगोमेरी, डॅलस आणि बटलर या तीन काउंट्यांचे तुकडे काढून लाऊंड्स काउंटी जाहीर केली. नाव कुणाचं दिलं? विल्यम लाऊंड्सचं. साऊथ कॅरोलिनाचा मळेवाला, काँग्रेसचा सभासद, आठ वर्षांपूर्वी मेलेला. मुख्य ठिकाणाचं नाव हेनव्हिल. तेही साऊथ कॅरोलिनाच्याच सिनेटर रॉबर्ट हेनवरून. हा हेन त्याच जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये उभा राहून राज्यांच्या हक्कांवर वेब्स्टरशी वाद घालत होता. राज्यांचे हक्क म्हणजे शेवटी कुणाचे हक्क ते तुम्हाला सांगायला नको. आणि त्याच वर्षी मे महिन्यात जॅक्सननं, तो आता राष्ट्राध्यक्ष झालेला, इंडियनांना मिसिसिपीपलीकडं हाकलायच्या कायद्यावर सही केली. अलाबामात उरलेसुरले क्रीक १८३६ मध्ये लष्कर लावून हाकलले. नाव मळेवाल्याचं, कोर्ट मळेवाल्याचं, शेरीफ मळेवाल्याचा. हद्द आखली ती अशी.

१८६० च्या शिरगणतीत लाऊंड्समध्ये सुमारे २७ हजार ७०० माणसं. त्यांतले १९ हजारांवर गुलाम. दहातले सात. त्या शिरगणतीत गुलामांची यादी वेगळी असायची. वर मालकाचं नाव, खाली वय, बाई की पुरुष, रंग काळा की मिश्र. नाव नाही. काउंटीला मेलेल्या माणसाचं नाव मिळतं आणि जितं माणूस नुसता आकडा राहतं.

मी गोदीत काम करतो. ओझं म्हणजे काय ते माझ्या पाठीला ठाऊक आहे. म्हणून त्या कापसाची वाट मला दिसते. चारशे-पाचशे पौंडांची गाठ. अलाबामा नदीच्या उंच काठांवरून गाठी घसरणीवरून खाली सोडायचे, आगबोटीवर भरायचे, नदीनं मोबाईल बंदरात, तिथून लिव्हरपूल. वर सोडणारा गुलाम. आणि ही वाट आपल्यापर्यंत येते बरं का. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, आणि विलायतेच्या गिरण्यांनी मुंबईकडं तोंड वळवलं. वऱ्हाड-खानदेशचा, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावानं गेला. मुंबईत शेअरांचा धिंगाणा झाला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. १८६५ ला लढाई संपली आणि सगळा डोलारा धाडकन खाली आला. शेटजी बुडाले त्याच्या कहाण्या पुस्तकांत आहेत. पण तिकडं राबणारा गुलाम आणि इकडं कापूस वेचणारी बाई, दोघं एकाच बाजाराला बांधलेले होते, हे आपणच सांगायला पाहिजे.

लढाई संपली, गुलामी कायद्यानं गेली. १८६७ पासून काळ्या पुरुषांनी मत दिलं. ज्या काउंटीत दहातले सात आपले, तिथं मताला काय अर्थ येतो ते बघा. काही वर्षं काळी माणसं निवडून आली, राज्याच्या विधिमंडळापर्यंत गेली. मळेवाल्यांना उमगलं, की आपण बनवलेली मूठ आपल्याच नरड्याला येणार. मग बंदूक आली, रात्रीचे घोडेस्वार आले, पेट्या फोडणं आलं. १८७४ ला गोऱ्यांनी राज्य परत घेतलं. १९०१ ला नवी राज्यघटनाच लिहिली. मतासाठी डोईपट्टी, वाचून दाखवायची परीक्षा, मालमत्तेची अट. या अटींत ‘काळा’ हा शब्द लिहायची गरजही पडली नाही.

जमीन तर मिळालीच नव्हती. मिळाली बटाई. बी मालकाचं, खेचर मालकाचं, उचल मालकाच्या दुकानातून, हिशेब मालकाच्या वहीत. वर्षाअखेरी कापूस देऊन पुन्हा देणं बाकी. देणं फेडल्याशिवाय मळा सोडला तर शेरीफ पकडून आणणार. शेरीफ कुणाचा ते मघाशी सांगितलं.

तरी लोक गप्प बसले नव्हते. १८९२ साली कॅल्हून गावात काळ्या पोरांसाठी शाळा निघाली. तिच्या भोवती जमीन विकत घेऊन काळ्या शेतकऱ्यांना हप्त्यानं विकायचा उद्योगही चालला, आणि काही घरं खरंच मालक झाली. १९०६ साली डब्ल्यू. ई. बी. दुबॉईस या काळ्या विद्वानानं सरकारच्या कामगार खात्यासाठी लाऊंड्सची घरोघर पाहणी केली. जमीन कुणाची, कर्ज किती, मत कुणाला. खात्यानं तो अहवाल छापला नाही. पुढं नष्ट करून टाकला. का नष्ट केला? तर आकड्यांत पुरावा होता. हाच तो दुबॉईस, ज्याला १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं, की अमेरिकेतले निग्रो संयुक्त राष्ट्रसंघाकडं अर्ज करतायत तो बघायला हवाय. दुबॉईसनं उत्तरही दिलं. आपल्या बापाला ती वाट ठाऊक होती.

१९३५ साली लाऊंड्सच्या कापूस वेचणाऱ्यांनी संप केला. मागणी शंभर पौंडांना एक डॉलर. उत्तरादाखल गोळ्या आल्या, माणसं मारली गेली. त्या मुलखाला लोक ‘रक्तरंजित लाऊंड्स’ म्हणायचे ते उगाच नाही.

आता १९६५ ला या. काउंटीत दर पाचांत चार माणसं काळी. मतदार यादीत काळं माणूस वर्षाच्या सुरुवातीला किती? एकही नाही. शून्य. आणि गोरे मतदार यादीत किती? काउंटीत मताच्या वयाचे जितके गोरे होते त्याहून जास्त! मेलेले आणि गाव सोडून गेलेलेसुद्धा मत देत होते. मार्चमध्ये जॉन ह्युलेट आणि त्याचे साथी नाव नोंदवायला हेनव्हिलला गेले. त्याच महिन्यात सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चा याच काउंटीतून गेला. मोर्चा संपल्या रात्री व्हायोला लिउझो या गोऱ्या बाईला लाऊंड्सच्या रस्त्यावर गोळी घातली. ऑगस्टमध्ये जोनाथन डॅनियल्स या तरुणाला हेनव्हिलमध्ये मारलं. दोन्ही खटले हेनव्हिलच्या कोर्टात चालले, १८५६ साली बांधलेल्या त्या कोर्टात, गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीपुढं. दोन्ही निर्दोष सुटले. १८३० ला आखलेली हद्द १९६५ ला चोख काम करत होती.

स्टोकली कार्मायकेल आणि त्याची पोरं मोर्चा संपल्यावर तिथं राहिली. फोटो काढून परत गेली नाहीत. गावागावांत झोपली, खाल्लं, ऐकलं. ज्यांनी नावं नोंदवली त्यांना मालकांनी मळ्यावरून हाकललं, तर त्यांनी हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकले. तंबूंवर गोळ्या झाडल्या, तरी हलले नाहीत. १९६६ ला त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, लाऊंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. अलाबामाच्या कायद्यानं पक्षाला निशाणी लागायची, आपल्याकडं लागते तशीच, न वाचता येणाऱ्यांसाठी. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाची निशाणी होती पांढरा कोंबडा. यांनी निवडला काळा पँथर. ह्युलेटचं म्हणणं साधं होतं. हे जनावर उगाच कुणाच्या अंगावर जात नाही, पण कोपऱ्यात कोंडलं की मागं हटत नाही.

आणि उभे कशासाठी राहिले? शेरीफ, कॉरोनर, कर ठरवणारा, कर वसूल करणारा, शाळा मंडळ. सात उमेदवार. चित्रांच्या छोट्या पुस्तिका छापल्या: शेरीफ काय करतो, कर ठरवणारा काय करतो. बटाईदाराला कळलं, की आपल्याला रात्री उचलून नेणारा माणूस आपल्या मतानं निवडला जातो. नोव्हेंबर १९६६ ला सातही पडले. धमक्या होत्या, मळ्यावरच्यांना ट्रकमध्ये घालून मालकाच्या मर्जीनं मत द्यायला नेलं होतं. पण मतं इतकी पडली की पक्षाला कायद्यानं मान्यता मिळाली. १९७० ला जॉन ह्युलेट त्याच काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला. एकशेचाळीस वर्षांनी मूठ उघडली.

संपलं का? नाही. शेरीफ मिळाला, जमीन मिळाली नाही. आजही ती काउंटी गरीब आहे. ज्या काळ्या मातीनं कापूस पिकवला तीच माती पाणी मुरू देत नाही, म्हणून कित्येक घरांचा मैला परसात साचतो. २०२३ ला केंद्र सरकारनं राज्याच्या आरोग्य खात्याशी त्यावर करार केला, आणि २०२५ ला नव्या सरकारनं तो मोडला. सत्तेची एक किल्ली हातात आली म्हणजे वाडा आपला होत नाही.

दोस्तहो, आपल्याला मोर्चा कळतो, घोषणा कळते. भिंतीवर पँथर रंगवता येतो. पण तलाठ्याची वही, ग्रामसभेचा ठराव, गायरानाची नोंद म्हटलं की आपल्याला जांभई येते. लाऊंड्सच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या शेतमजुरांनी पँथर काढला तो नेमका त्या वहीवर पंजा ठेवायला. म्हणून पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकानं आपल्या मूळ गावचा एक कागद आणायचा. गायरान किती एकर, कुणाच्या नावावर, कुणाच्या ताब्यात. गावाला नसाल तर आजीला विचारा, तिला पाठ असतं. आणल्याशिवाय भाषण नाही, माझंही नाही.

जयभीम.