रोजा, रक्तातील साखर आणि मधुमेह



सहरीनंतर दिवसभर अन्नपाणी न घेताही निरोगी माणसाच्या रक्तातील साखर फारशी ढळत नाही. ही किमया जठरामागे असलेल्या स्वादुपिंडाची. १८६९ साली पॉल लँगरहॅन्स यांनी त्यातील पेशींची बेटे प्रथम वर्णिली. जेवणानंतर ही बेटे इन्सुलिन सोडतात. साखर पेशींत शिरते, काही यकृतात साठते. उपाशीपोटी त्याच बेटांतून येणारे ग्लुकागॉन हा साठा मोकळा करते. एक जमा करणारा, दुसरा खर्च करणारा!

इन्सुलिन कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की मधुमेह जडतो. १९२२ साली टोरांटोत १४ वर्षांच्या मरणासन्न मुलाला इन्सुलिन टोचले आणि तो सावरला.

पालकहो, इन्सुलिन घेणाऱ्याने रमजानपूर्वीच डॉक्टरांना भेटावे. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला, तर साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमखाली गेल्यास रोजा तात्काळ सोडावा. आजाऱ्याला सवलत खुद्द कुरआन शरीफने दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला? विद्यार्थ्यांनो, एवढे घरी वडीलधाऱ्यांना अवश्य समजावून सांगा.