नावांचा मक्ता



पेठेत छापखाना काढणारा गृहस्थ दारावर पाटी लावतो. रंगाऱ्याचे पैसे एकदा चुकते केले की पाटी त्याची झाली. त्याच गृहस्थाने इंटरनेटवर 'डॉट कॉम'चे नाव घेतले, तर तो त्याचा मालक होत नाही. वर्षाच्या बोलीने भाडेकरू होतो. हे भाडे जाते कोठे, आणि ते वसूल करण्याचा मक्ता दिला कोणी, एवढेच आज आम्ही पाहणार आहोत.

इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांना अंकांनी ओळखतात. माणसाला अंक लक्षात राहत नाहीत, म्हणून नावांची वही ठेवावी लागते. सारा मामला या वहीचा. १९८५ साली पहिले 'डॉट कॉम' नाव नोंदले गेले ते फुकट. खर्च अमेरिकन सरकार सोशीत असे. १९९३ साली वही राखण्याचे कंत्राट 'नेटवर्क सोल्यूशन्स' या खाजगी कंपनीला मिळाले आणि १९९५ च्या सप्टेंबरात तिने नावामागे वर्षाला ५० डॉलर घेण्यास प्रारंभ केला. वही तीच, रकानेही तेच! २००० साली 'व्हेरिसाइन'ने ही कंपनी घेण्याचे जाहीर केले, तेव्हा सौद्याची किंमत सांगितली गेली सुमारे २१ अब्ज डॉलर.

मध्यंतरी, १९९९ पासून, किरकोळ विक्रेते अनेक झाले. त्यांच्यातील चढाओढीने गिऱ्हाइकाचा फायदा झाला हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हे सारे विक्रेते माल आणतात तो एकाच वखारीतून. २०१२ पासून काही वर्षे वखारीचा दर ७.८५ डॉलरांवर बांधलेला होता. २०१८ साली अमेरिकन सरकारने तो बांध सैल केला आणि २०२४ च्या सप्टेंबरात दर १०.२६ झाला. नावे पंधरा कोटींहून अधिक. वही अहोरात्र, क्षणभरही न चुकता उघडी ठेवणे हे सोपे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. तथापि खर्च वजा जाता शंभर डॉलरांतले साठांहून अधिक उरतात, असे कंपनीचेच हिशेब सांगतात.

देखरेखीसाठी 'आयकॅन' ही संस्था १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली. ती नफ्यासाठी नाही. पण तिचा खर्च मुख्यतः चालतो तो नावांवरील आकारातूनच. राखणदाराचा पगार त्याच गल्ल्यातून!

आणि भाडेकरूने घर सोडावे म्हटले तर? छापखान्याचे नाव दहा वर्षांच्या बिलांवर छापलेले असते, गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलेले असते. दर वाढला तरी तो निमूटपणे भरतो.

धर्मादाय संस्थांना हा अनुभव येता येता राहिला. २०१९ च्या जूनमध्ये आयकॅनने 'डॉट ऑर्ग'च्या दरावरील मर्यादा काढली. नोव्हेंबरात ही वही सांभाळणारी संस्थाच १.१३५ अब्ज डॉलरांना 'इथॉस कॅपिटल' या गुंतवणूक कंपनीला विकण्याचा बेत जाहीर झाला. जगभरच्या संस्थांनी ओरड केली, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी विरोधाचे पत्र धाडले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने नकार दिला. या ओरडणाऱ्यांपैकी एकालाही त्या बैठकीत मत नव्हते, हे आम्हांला विसरता येत नाही.

वही एका हातातून दुसऱ्या हातात गेली तर नावे नष्ट होतील, अशी भीती घातली जाते. २००३ साली खुद्द 'डॉट ऑर्ग'ची वही व्हेरिसाइनकडून काढून दुसऱ्या संस्थेकडे सोपविली गेली. आपल्या 'डॉट इन'चे तांत्रिक काम निविदा मागवून दिले जाते. २०१९ साली ते 'अफिलियास'कडून 'न्यूस्टार'कडे गेले. दोन्ही वेळी नावे होती तेथेच राहिली. 'डॉट कॉम'चा करार मात्र २०२४ साली निविदेवाचूनच पुढे चालू झाला.