कुमारी लिलियन टॉड आणि त्यांची विमानवेडी मुले
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने ‘विद्यार्थी आणि छंद’ हा विषय मजकडे सोपविला आहे. विषय व्यापक आहे. आणि व्यापक विषयावर बोलू लागलेल्या वक्त्याची वाणी थोड्याच वेळात उपदेशाच्या वाटेला लागते, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. म्हणून मी आज एकाच स्त्रीची हकीकत सांगणार आहे. तिचे नाव कुमारी एम्मा लिलियन टॉड. विमानविद्येच्या मोठमोठ्या ग्रंथांत या बाईंच्या वाट्याला एखाददुसरी ओळ येते. माझ्या मते त्या याहून अधिक स्मरणास पात्र आहेत.

कुमारी टॉड यांचा जन्म १८६५ साली अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन येथे झाला. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. उपजीविकेसाठी त्या टंकलेखन शिकल्या आणि सरकारी पेटंट कचेरीत नोकरीस लागल्या. दिवसभर दुसऱ्यांच्या शोधांचे कागद टंकित करणाऱ्या या बाईंनी १८९६ साली स्वतःच्याही एका साधनाचे पेटंट मिळविले. टंकलेखन करताना समोरचा कागद धरून ठेवणारे ते उपकरण होते. ज्याला रोज ज्या कामाचा जाच होतो, त्याला त्या कामातील उणीव प्रथम दिसते, हे त्यावरून ध्यानात येईल.

पुढे न्यूयॉर्क येथे त्यांना विमानांचे वेड लागले. राइट बंधूंचे पहिले उड्डाण १९०३ सालचे. त्यानंतरही कित्येक वर्षे सामान्य माणसाचा त्या वार्तेवर विश्वास बसला नव्हता. अशा काळात चाळिशीतील ही अविवाहित स्त्री विमानांच्या लहान प्रतिकृती घडवीत बसली होती. १९०६ साली न्यूयॉर्कमधील विमानप्रदर्शनात त्यांनी आपली रचना मांडली. विमानाचा आराखडा स्वतः तयार करणाऱ्या जगातील अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

प्रतिकृती म्हणजे शोभेची वस्तू असा आपल्याकडे समज आहे, म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. आल्फोन्स पेनो नावाच्या फ्रेंच तरुणाने १८७१ साली पॅरिसच्या तुइलरी उद्यानात एक चिमुकले विमान सोडले. त्याला इंजिन नव्हते. रबराचा पीळ उलगडू लागला की मागचा पंखा फिरे. ते विमान सुमारे ११ सेकंद हवेत राहिले आणि ४० मीटरच्या आसपास अंतर कापून गेले. पेनोचे मर्म पंख्यात नव्हते, शेपटीत होते. मुख्य पंखाच्या मानाने त्याने शेपटीचा आडवा पंख किंचित खाली कलता बसविला होता. नाक वर गेले की शेपटी ते खाली आणी, आणि खाली गेले की वर उचली. मोठ्या विमानाच्या स्थैर्याचे हेच तत्त्व आहे, आणि ते वीतभर काड्यांच्या सांगाड्यावर प्रथम सिद्ध झाले. याच पेनोच्या धर्तीवरचे, रबराच्या पिळाने उडणारे एक खेळणे १८७८ च्या सुमारास एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन लहान मुलांसाठी घरी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. असो.

१९०८ साली कुमारी टॉड यांनी न्यूयॉर्कमध्ये शाळकरी मुलांचा एक विमानमंडळ स्थापिला. त्याचे नाव ज्युनियर एरो क्लब. मुले बांबूच्या काड्या, हलके लाकूड, रेशीम आणि रबराच्या पट्ट्या घेऊन जमू लागली, आपापली विमाने घडवू लागली, स्पर्धा लावू लागली. प्रतिकृती घडविणाऱ्याला किती गोष्टी शिकाव्या लागतात याची कल्पना न घडविणाऱ्याला येत नाही. पंख एका बाजूस रतिभर जड झाला तर विमान त्या बाजूस कलंडते; भारमध्य अंगुळभर मागे सरकला तर ते नाक वर करून थबकते आणि खाली कोसळते; पीळ कमी दिला तर उठत नाही, जास्त दिला तर रबर तुटते. मुलाने मग काय करावे? खाली पडलेले विमान उचलावे, चूक कोठे झाली ते पाहावे, नाकाशी मेणाची गोळी लावावी आणि पुन्हा सोडावे. अशी वीस वेळा उचलाठेव करणाऱ्या मुलाला गणितातील समतोलाचा नियम कोणी पाठ करवून घेण्याची गरज पडत नाही.

कुमारी टॉड यांचे स्वतःचे पूर्णाकृती विमानही झाले. श्रीमती ऑलिव्हिया सेज या धनाढ्य विधवेने त्यासाठी द्रव्यसाहाय्य दिले. ७ नोव्हेंबर १९१० रोजी दिदिए मासों या वैमानिकाने ते उडवून दाखविले. उड्डाण अल्प होते, आणि विमानांच्या इतिहासावर त्याचा ठसा उमटला नाही. बाईंचे कर्तृत्व येथेच संपले असते तर मी आज हा विषय घेतला नसता.

झाले असे की, मंडळातील काही मुलांना विमानांबरोबर बिनतारी संदेशाचेही वेड लागले. आमच्याकडील एखादे मंडळ असते तर ‘आमचा उद्देश विमानांचा, तुम्ही अन्यत्र जा’ असा ठराव झाला असता! कुमारी टॉड यांनी मुलांना अडविले नाही. २ जानेवारी १९०९ रोजी न्यूयॉर्कच्या अँसोनिया हॉटेलात ज्युनियर वायरलेस क्लब स्थापन झाला. हॉटेलमालकाचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा, डब्ल्यू. ई. डी. स्टोक्स धाकटा, अध्यक्ष झाला. मार्गदर्शक अर्थात कुमारी टॉड.

पुढच्याच वर्षी हौशी मंडळींच्या बिनतारी यंत्रांवर कडक निर्बंध घालणारे विधेयक अमेरिकन सिनेटपुढे आले. एप्रिल १९१० मध्ये हा चौदा वर्षांचा स्टोक्स वॉशिंग्टनला जाऊन सिनेटच्या समितीपुढे उभा राहिला आणि आपल्या सोबत्यांची बाजू मांडून आला. ते विधेयक संमत झाले नाही. चौदाव्या वर्षी आपल्या मुलाला शेजाऱ्यांपुढे चार वाक्ये बोलावयास लावताना आपली किती तारांबळ उडते, हे आई-वडिलांनी मनाशी आठवून पाहावे.

१९११ साली या मंडळाने रेडिओ क्लब ऑफ अमेरिका हे नाव घेतले. रेडिओविद्येत क्रांती घडविणारा एडविन आर्मस्ट्राँग याच मंडळाचा सभासद होता व पुढे अध्यक्षही झाला. डिसेंबर १९२१ मध्ये मंडळाच्या सभासदांनी कनेक्टिकट राज्यातील ग्रीनिच गावी एक केंद्र उभारले. त्याचा संदेश अटलांटिक महासागर ओलांडून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, आर्ड्रोसन येथे तंबूत बसलेल्या पॉल गॉडली या अमेरिकन हौशी तज्ज्ञाने ऐकला. हौशी लोकांना ‘निरुपयोगी’ समजून २०० मीटर व त्याखालच्या लहरी देऊन टाकल्या होत्या. त्या लहरींच्या सीमेवरच, सुमारे २३० मीटरवर, हा पराक्रम घडला. आपल्या मुंबईतही नभोवाणीचा पहिला प्रयोग जून १९२३ मध्ये सरकारने नव्हे, तर हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबानेच केला होता.

कुमारी टॉड १९३७ साली निवर्तल्या. रेडिओ क्लब ऑफ अमेरिका आजही चालू आहे.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरील मागची खोली मुलांना प्रतिकृती करण्यासाठी द्यावी, अशी सूचना गेल्या सर्वसाधारण सभेत आली होती. त्यावर दोन आक्षेप निघाले. पहिला असा की, मंडळाचा पैसा गुणवंतांच्या पारितोषिकांसाठी आहे, खेळासाठी नाही. दुसरा असा की, मुली त्या खोलीत काय करणार? दुसऱ्या आक्षेपास कुमारी टॉड यांनी शतकापूर्वीच उत्तर देऊन ठेविले आहे, म्हणून त्यावर मी वेळ घालवीत नाही.

पहिला आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो करणारे सभासद मंडळासाठी तीस वर्षे झिजले आहेत. पारितोषिके बंद करा असे माझे म्हणणे नाही. परंतु पारितोषिक मुलाने आधीच केलेल्या कामाला मिळते, आणि आपण ते वर्षातून एकदा, टाळ्यांच्या गजरात देतो. खोली त्याला प्रत्येक शनिवारी, कोणी पाहत नसताना मिळेल. खर्चाचा अंदाज मी चिटणिसांकडे दिला आहे: दोन मोठी टेबले, एक करवत, कानशी, डिंक, दिव्याची सोय, आणि दारावर लक्ष ठेवणारा एक वडीलधारा. शेवटची जागा अद्याप रिकामी आहे. ज्यांना संध्याकाळी मोकळीक असते अशा निवृत्त ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी सभा संपताच चिटणिसांकडे आपले नाव द्यावे, अशी माझी विनंती आहे.