कॉन्टेंट नव्हे, कन्टेंट!

तळोद्यातून बोलतोय. मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, ऊस चाललाय.

आजचा शब्द आहे 'कन्टेंट'. आपण रील्समध्ये टाकतो ते कॉन्टेंट नाही. 'आय ॲम कन्टेंट' म्हणतात ना, त्यातला. अर्थ समाधानी. स्पेलिंग दोन्हींचं सेम, पण वस्तूबद्दल बोलताना जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि माणसाबद्दल बोलताना दुसऱ्यावर.

मूळही एकच. लॅटिनमध्ये 'कॉन्टिनेरे' म्हणजे एकत्र धरून ठेवणं. डब्यात धरलेलं ते कॉन्टेंट, आणि ज्याचं मन स्वतःच्या काठात राहतं, उतू जात नाही, तो कन्टेंट. कंटेनर हा यांचाच भाऊ. हे विशेषण फ्रेंचमधून इंग्रजीत आलं, साधारण सहाशे वर्षांपूर्वी.

आपल्या 'समाधान'ची गंमत वेगळी. सम्, आ आणि 'धा' म्हणजे ठेवणं. नीट जुळवून ठेवलेलं. 'समाधी' याच धातूची. म्हणून तर आपण शंकेचंही समाधान करतो. हिंदीत तर समाधान म्हणजे सरळ सोल्यूशन. बग फिक्स झाला की समाधान! इंग्रजी शब्दात काठ आहे, आपल्या शब्दात जुळणी आहे. मला आपला जास्त आवडतो, खरं सांगतो.

हे सगळं आत्ताच का काढलं? मी घरून काम करतो. बंगळुरूची एक ऑफर आलीय, पगार जवळजवळ दुप्पट, पण तिथे जाऊन राहावं लागेल. इंटरव्ह्यूत विचारलं, 'सध्याच्या कामात कन्टेंट आहात का?' हो म्हटलं तर भूक नाही असं समजतात. नाही म्हटलं तर खोटं बोललो. मराठीतही ही टोचणी तयार आहेच : अल्पसंतुष्ट! शिवी नाही, पण लागते शिवीसारखी. आणि गंमत बघा, 'संतुष्ट' एकटा असेल तर कौतुक, मागे 'अल्प' चिकटला की टोमणा.

आई म्हणते, 'जा रे, पोरा, पैसा कुणाला नको?' बाबा काहीच बोलत नाहीत, फक्त पपईच्या बागेत जास्त वेळ थांबतात.

सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तुम्ही काय केलं असतं, व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात 'सॅड' घेऊ. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता पोट भरलेला, खरंच!